पेशीपटलातील मेद आणि पोटॅशियमचे दरवाजे

सजीवाच्या प्रत्येक पेशीभोवती एक अत्यंत पातळ पटल असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे २,००,००० व्या भागाइतकीच भरते. मेदरेणूंच्या दोन थरांनी बनलेल्या या पटलातून विद्युत्‌भारित आयन सहजासहजी पार होत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांच्या मार्गिका असतात. पेशीत पोटॅशियमचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा सुमारे ३० पट असल्याने पोटॅशियमची मार्गिका उघडली की त्याचे आयन बाहेर पडतात आणि उत्तेजित झालेली मज्जापेशी किंवा स्नायुपेशी पुन्हा विश्रामस्थितीस येते.

ही मार्गिका केव्हा उघडावी हे कशावरून ठरते? काही मार्गिका विद्युत्‌दाबाने, तर काही रासायनिक संदेशाने उघडतात, हे पूर्वीच ज्ञात होते. मेदाचा थर मात्र केवळ निष्क्रिय भिंत समजला जाई. परंतु दाराची उघडझाप चौकटीवरही अवलंबून असते. १९९६ साली हिल्गमन व बॉल यांनी हृदयपेशीच्या पटलाच्या तुकड्यावर प्रयोग करून दाखविले की, 'पीआयपी-२' नावाचा मेद पोटॅशियमच्या काही मार्गिकांना कार्यक्षम करतो.

या मेदाच्या शीर्षभागी फॉस्फेटामुळे ऋणभार असतो. मार्गिकेच्या आतील बाजूस धनभारित अमिनो आम्ले असतात. दोहोंत आकर्षण होते. २०११ साली मॅकिनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका मार्गिकेची क्ष-किरणांनी मिळविलेली रचना प्रसिद्ध केली. मेद जोडला जाताच मार्गिकेचा पेशीतील भाग पटलाकडे ओढला जातो आणि आतले दार उघडू लागते, असे तीवरून दिसून आले.

पटलातील मेदांत पीआयपी-२ चा वाटा जेमतेम १ टक्क्याच्या आसपास असतो. म्हणूनच त्याचे प्रमाण त्वरेने बदलता येते. काही मज्जापेशींवर अ‍ॅसिटिलकोलिनचा संदेश आला की एक एंझाइम या मेदाचे विघटन करते. मार्गिका मिटतात व पेशी अधिक उत्तेजनक्षम होते. मेद पुन्हा तयार झाल्यावाचून त्या उघडत नाहीत, हे सू व हिले यांनी २००२ साली दाखविले.

ही पकड सैल झाल्यास काय होते, हे अँडरसन-ताविल या आनुवंशिक विकारात दिसते. त्यातील कित्येक रुग्णांत मार्गिकेचे पीआयपी-२ शी असलेले बंधन दुबळे असते. परिणामी स्नायू अधूनमधून लुळे पडतात व हृदयाची लय बिघडते. एका सूक्ष्म मेदरेणूवर हृदयाचे नियमित स्पंदन असे अवलंबून आहे.