स्पार्क प्लगचे गेलेले आटे

‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ साली दिल्लीत जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. अशा मोटारींचे सुटे भाग दुर्मिळ. म्हणून एंजिनाचे हेड टाकून न देता दुरुस्त करणेच इष्ट. हेड ॲल्युमिनियमचे असल्यास पोलादी प्लग तिरपा बसविल्याने किंवा फाजील आवळल्याने त्या मऊ धातूचे आटे निघून येतात. मग दाबलेला वायू निसटतो. क्वचित प्लगच उडतो.

अशा वेळी मोठ्या टॅपने नवे आटे पाडून त्यांत पोलादी तारेचे वेटोळे बसवितात. वेटोळ्याच्या आत प्लगचे मूळ माप, बहुधा १४ मिलिमीटर, पुन्हा मिळते. भार रुंद आट्यांवर पसरल्याने हा सांधा पूर्वीहून बळकट होतो. मात्र धातूचा कीस सिलिंडरात पडला तर त्याच्या भिंती ओरखडतात. टॅपच्या खाचांत ग्रीज भरल्याने बराचसा कीस चिकटून राहतो. तरीही हेड उतरवून काम करणे अधिक निर्धोक. नंतर प्लग थंड एंजिनात, प्रथम हातानेच फिरवावा.