अपुऱ्या दिवसांचे बाळ घरी येते तेव्हा

‘सातव्या महिन्यातले बाळ जगते, आठव्यातले जगत नाही’ असे आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. उज्जैनच्या आपल्या मराठी घरांत हे वाक्य अजूनही कानावर पडते. ते खरे नाही. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो, आणि याचे एक मोठे कारण म्हणजे बाळाची फुप्फुसे.

सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला आपण अपुऱ्या दिवसांचे म्हणतो. गर्भात बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो, त्यामुळे फुप्फुसे सावकाश तयार होत असतात. ज्या नाजूक वायुकोशांतून प्राणवायू रक्तात जातो, ते नीट आकाराला येऊ लागतात ते शेवटच्या आठवड्यांत, आणि जन्मानंतरही निदान दोन-तीन वर्षे नवे वायुकोश तयार होत राहतात. श्वास सोडल्यावर हे कोश मिटून जाऊ नयेत म्हणून आत एक स्निग्ध द्रव्य असते, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. फार लवकर जन्मलेल्या बाळात ते पुरेसे नसते.

1963 साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे लवकर जन्मला आणि दोन दिवसांतच श्वासाच्या याच विकाराने गेला. त्या वेळी जगातल्या सर्वांत बलाढ्य घराकडेही उपाय नव्हता. आज आईला प्रसूतीआधी स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, बाळाच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट सोडतात, श्वासाला यंत्राचा आधार देतात. म्हणून पूर्वी हाती न लागणारी बाळे आज घरी येतात.

फुप्फुसाचा जुनाट आजार म्हणजे काय?

ज्या यंत्राने आणि प्राणवायूने जीव वाचतो, त्यांचाच ताण कच्च्या फुप्फुसांवर पडतो. 1967 साली अमेरिकेतील नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार प्रथम नोंदवला. त्याचे नाव ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेसिया, डॉक्टर थोडक्यात ‘बीपीडी’ म्हणतात. जन्मानंतर अठ्ठावीस दिवस उलटले तरी बाळाला वरून प्राणवायू लागत असेल, तर हा आजार धरतात. तो किती तीव्र आहे हे गर्भापासून मोजलेले छत्तीस आठवडे भरल्यावर ठरवतात.

अशा फुप्फुसांत वायुकोश कमी असतात आणि रक्तवाहिन्याही कमी असतात. त्यात एक महत्त्वाची गोष्ट समजून घ्यायला हवी. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. मग त्यांतून रक्त ढकलायला हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. हा दाब वाढलेला राहिला की त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. दंडाला पट्टा बांधून मोजतो तो हा रक्तदाब नव्हे. तो पाहायला हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको करतात. बीपीडी असलेल्या प्रत्येक बाळाला हा त्रास होत नाही, पण आजार तीव्र असेल तर शक्यता वाढते. म्हणून बाळ बरे दिसत असले तरी सांगितलेला इको चुकवू नये.

‘नळीची सवय लागेल’

काही बाळे नाकाला प्राणवायूची नळी लावूनच घरी येतात. मग घरात बोलणी सुरू होतात: सवय लागेल, थोडा वेळ काढून बघू, बारशाच्या फोटोपुरती तरी काढा. बाळाच्या आईला हे रोज ऐकावे लागते, आणि सगळे घर एका बाजूला असले की तिचा निर्धार डळमळतो. म्हणून हा लेख आईइतकाच आजी-आजोबांसाठी आहे.

प्राणवायूची सवय लागत नाही. तो या बाळाचे औषध आहे. तो पुरेसा मिळाला की रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात, हृदयावरचा भार कमी होतो, बाळाचे वजन वाढते आणि नवे वायुकोश तयार व्हायला अवसर मिळतो. नळी काढली तर बाळ लगेच निळे पडेलच असे नाही, पण आतला दाब मुकाट्याने वाढू शकतो. 2021 च्या उन्हाळ्यापासून ऑक्सिमीटर आपल्या घराघरांत आहे. बाळासाठी मात्र लहान मुलांचा सेन्सर लागतो. आकडा बहुधा 92 ते 95 टक्क्यांच्या आसपास ठेवायला सांगतात. आपल्या बाळाचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. नळी कमी करणे आणि बंद करणे हेही तेच ठरवतील.

काही बाळांना दाब कमी करण्यासाठी सिल्डेनाफिल देतात. मोबाइलवर त्याचे नाव शोधून घरचे दचकतात, कारण ते पुरुषांच्या वेगळ्या तक्रारीवरही वापरले जाते. इथे त्याचे काम फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करण्याचे असते. ते मनाने बंद करू नये. एकदम थांबवले तर दाब उसळू शकतो.

आपल्या रीती आणि हे बाळ

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी, संध्याकाळी धूप, ही आपल्याकडची मायेची रीत. या बाळाला मात्र कोणताही धूर चालत नाही. उदबत्ती, मच्छर कॉइल आणि बाहेर ओढून आलेल्याच्या कपड्यांतला विडी-सिगारेटचा वासदेखील नको. ऊब द्यायची तर आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीशी धरून, वरून पांघरूण घालून द्यावी. ‘कांगारू’ पद्धत म्हणतात ती हीच.

प्राणवायू चालू असताना निरांजन, समई, गॅस यांच्याजवळ बाळाला नेऊ नये. ज्योत निदान दहा फूट दूर असावी. औक्षण अक्षता-कुंकवाने करावे, देव रागावणार नाही. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, तेव्हा वीज गेली तर हाताशी भरलेला सिलिंडर हवा.

बारसे दोन-तीन महिने पुढे गेले म्हणून काही बिघडत नाही. साध्या सर्दीनेही या बाळाला पुन्हा दवाखान्यात जावे लागू शकते. सर्दी-खोकला असलेल्यांनी भेट टाळावी, बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत. लसी मात्र पुढे ढकलू नयेत. त्या जन्मतारखेनुसारच द्यायच्या असतात. नवस फेडायला उंच डोंगरावरच्या देवस्थानी जाण्याआधी किंवा विमानप्रवासाआधी डॉक्टरांना विचारावे, तिथे हवेतला प्राणवायू विरळ असतो.

केव्हा थांबू नये

घरी सोडताना बाळाचा शांत झोपेतला श्वास मिनिटाला किती आहे, हे लिहून ठेवावे. श्वास नेहमीपेक्षा वाढला, बरगड्यांमध्ये खळगे पडू लागले, बाळ कण्हू लागले, दूध ओढताना दमून घामेजले, पापण्या किंवा पाय सुजले, तर त्याच दिवशी दाखवावे. ओठ-जीभ निळसर दिसली, श्वास थांबला किंवा बाळ हाक-स्पर्शाला दाद देईना, तर लगेच 108 ला फोन करावा.

घरच्या माणसांच्या नजरेने बाळे वाचतात, हे महाराष्ट्रानेच दाखवून दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची तपासणी आणि देखभाल शिकवली आणि त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. हे काम 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज देशभर आशाताई घरी येऊन बाळ तपासतात, त्यामागे हाच अनुभव आहे. आपल्या दारी त्या आल्या तर त्यांना परत पाठवू नका.

यातली बहुतेक बाळे वाढत्या वयाबरोबर नळीतून सुटतात. तोवर शेजारच्या बाळाशी तुलना नको. तुमच्या शेजारी असे बाळ आले असेल, तर बघायला जाण्याची घाई करू नका. दाराशी जेवणाचा डबा ठेवा, भरलेला सिलिंडर आणून द्या, आणि त्या आईला एकदा तरी म्हणा, ‘तू करते आहेस ते बरोबर आहे.’