स्वमग्न मुलासोबतचे दैनंदिन जीवन : पालक व कुटुंबीयांसाठी माहिती

आपल्या मुलास स्वमग्नता, अर्थात ऑटिझम, असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर मनात अनेक प्रश्न उभे राहणे स्वाभाविक आहे. त्यांतील बहुतेक प्रश्नांचा संबंध रुग्णालयाशी नसून घराशी असतो. मूल जेवत नाही, हाक मारली तरी वळत नाही, रात्री झोपत नाही, पाहुणे आले की किंचाळते. अशा वेळी काय करावे? या प्रश्नांचा विचार करण्यासाठी ही पत्रिका आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता हा संसर्गजन्य रोग नव्हे, तसेच तो मानसिक आघाताचा परिणामही नव्हे. मेंदूच्या विकासातील हे वेगळेपण असून त्याचा आरंभ बालपणाच्या अगदी प्रारंभी होतो. इतरांशी संवाद साधणे, त्यांच्या भावना ओळखणे, बदल स्वीकारणे या गोष्टी अशा मुलास कठीण जातात. आवाज, प्रकाश, स्पर्श यांची जाणीव त्यास इतरांपेक्षा अतितीव्र किंवा अतिमंद असू शकते. कोणतीही दोन स्वमग्न मुले सारखी नसतात. कोणी अजिबात बोलत नाही, तर कोणी रेल्वेचे संपूर्ण वेळापत्रक मुखोद्गत म्हणून दाखवते.

यात आईचा, वडिलांचा वा घरातील कोणाचाही दोष नाही. आईची नोकरी, गर्भारपणात पाहिलेले ग्रहण किंवा संगोपनातील उणीव ही याची कारणे नव्हेत. लसीकरणामुळेही स्वमग्नता होत नाही. तसा दावा करणारा 1998 सालचा शोधनिबंध संबंधित वैद्यकीय नियतकालिकाने 2010 साली मागे घेतला. म्हणून आपल्या मुलाच्या आणि त्याच्या भावंडांच्या सर्व लसी वेळेवर द्याव्यात.

दिवसाची आखणी

पुढे काय घडणार हे ठाऊक असले की स्वमग्न मूल शांत राहते. उठणे, दात घासणे, आंघोळ, न्याहारी, शाळा, खेळ व झोप यांची वेळ आणि क्रम शक्यतो रोज सारखा ठेवावा. प्रत्येक कामाचे साधे चित्र किंवा छायाचित्र भिंतीवर ओळीने लावावे व काम पूर्ण झाले की मुलाकडूनच ते चित्र काढून घ्यावे. यासाठी खर्चिक साहित्य लागत नाही. जुन्या दिनदर्शिकेची पाने पुरतात. क्रमात बदल होणार असेल, उदाहरणार्थ लग्नास किंवा गावी जावयाचे असेल, तर ते आदल्या दिवसापासून चित्रांच्या साहाय्याने समजावून सांगावे.

बोलणे आणि समजणे

मुलाच्या समोर, त्याच्या उंचीवर बसून बोलावे. वाक्ये लहान असावीत. ‘खेळणी आवरून हात धुऊन जेवायला ये’ असे न म्हणता आधी ‘खेळणी ठेव’ एवढेच म्हणावे, ते झाल्यावर ‘हात धू’ म्हणावे. उत्तरासाठी मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे. मूल बोलत नसेल, तर बोट दाखवणे, खूण करणे किंवा चित्र हातात देणे हाही संवादच मानावा. खुणा व चित्रे वापरल्याने मूल बोलायचे राहून जाईल, ही भीती निराधार आहे. घरात जी भाषा बोलली जाते तीच मुलाशी बोलावी. केवळ शाळेसाठी मातृभाषा सोडण्याची आवश्यकता नाही.

आवाज, स्पर्श आणि अन्न

कुकरची शिट्टी, मिक्सर, फटाके किंवा वरातीतील बँड यांचा आवाज अशा मुलास प्रत्यक्ष वेदनादायक ठरू शकतो. मिक्सर सुरू करण्यापूर्वी त्यास सांगावे, कान झाकण्यास शिकवावे आणि समारंभात त्याच्यासाठी एखादी शांत खोली आधीच ठरवून ठेवावी. नखे कापणे व केस कापणे ही कामे थोडी थोडी, रोजच्या परिचयातून करावीत.

काही मुले मोजकेच पदार्थ खातात. नवा पदार्थ ताटात केवळ ठेवावा. बळजबरी करू नये. आहार फारच मर्यादित असल्यास, बद्धकोष्ठता असल्यास किंवा मूल माती, खडू खात असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. यामागे रक्तक्षय असू शकतो.

उद्रेकाच्या प्रसंगी

मूल जमिनीवर लोळते, स्वतःला मारून घेते, तेव्हा तो नेहमी हट्ट असतोच असे नाही. सहन होण्यापलीकडे गेल्याची ती खूण असते. अशा वेळी रागावू नये, मारू नये, प्रश्न विचारू नयेत. त्यास गर्दीपासून दूर न्यावे, डोक्यास इजा होणार नाही हे पाहावे आणि शांतपणे जवळ थांबावे. नंतर उद्रेकापूर्वी काय घडले याची वहीत नोंद करावी. काही आठवड्यांत कारण ध्यानी येऊ लागते. वर्तनात अचानक बदल झाल्यास दातदुखी, कानदुखी वा पोटदुखी तपासून घ्यावी. जे मूल सांगू शकत नाही, त्याचे दुखणे वर्तनातून व्यक्त होते. झटका आल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

सुरक्षितता

अनेक स्वमग्न मुलांना धोक्याची जाणीव नसते आणि पाण्याचे विशेष आकर्षण असते. दाराची कडी उंचावर लावावी, पाण्याची टाकी व विहीर झाकलेली असावी. मुलाच्या खिशात पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले ओळखपत्र ठेवावे आणि शेजाऱ्यांना कल्पना द्यावी. मूल हरवल्यास प्रथम जवळची विहीर, तळे, नदी पाहावी व विनाविलंब 112 किंवा 1098 या क्रमांकावर कळवावे.

खोट्या आशेपासून सावध राहावे

स्वमग्नता समूळ बरी करणारे औषध आज उपलब्ध नाही. मूलपेशी उपचार, शरीरातील धातू काढून टाकण्याचे उपचार किंवा गुप्त औषधे यांवर घरदार गहाण टाकू नये. त्यांतील काही मुलाच्या जिवास धोकादायक आहेत. वाचा उपचार, व्यवसायोपचार, विशेष शिक्षण आणि घरातील नियमित सराव यांनी मात्र मुलाची क्षमता निश्चित वाढते. हे जितक्या लवकर सुरू होईल तितके हितकारक.

आपले हक्क व साहाय्य

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडी व शासकीय शाळांत बालकांची तपासणी केली जाते व आवश्यकतेनुसार त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. लक्षणीय दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या बालकास 6 ते 18 वर्षे या वयात जवळच्या किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यासाठी यूडीआयडी ओळखपत्र काढून घ्यावे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 अन्वये निरामय आरोग्य विमा योजनेचा लाभ घेता येतो, तसेच 18 वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद आहे.

स्वतःकडेही लक्ष द्यावे

संगोपनाचा सर्व भार एकट्या आईवर पडू नये. वडिलांनी व आजी-आजोबांनी दिवसातील एखादे काम स्वतःकडे घ्यावे. भावंडांनाही रोज काही वेळ स्वतंत्रपणे द्यावा आणि त्यांच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत. मन खचल्यास टेली-मानसच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर बोलावे.

आपल्या मुलाची प्रगती शेजारच्या मुलाशी नव्हे, तर त्याच्याच गेल्या महिन्याशी ताडून पाहावी. काल जे मूल हाकेला वळत नव्हते ते आज पाण्याचा पेला दाखवून पाणी मागत असेल, तर ती मोठी प्रगती आहे. तिची नोंद ठेवावी आणि पुढील भेटीत डॉक्टरांना आवर्जून सांगावी.