गाणं कुणाचं, गाव कोणतं?

मुलांनो, माणसाने बनवलेली आणि पृथ्वीपासून सगळ्यात लांब गेलेली वस्तू कोणती, ठाऊक आहे? व्हॉयेजर-१ नावाचं अमेरिकेचं यान! १९७७ साली ते आणि त्याचं जुळं भावंड व्हॉयेजर-२ आकाशात झेपावलं. दोघांवरही सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात जगभरच्या संगीताचे २७ तुकडे आहेत. आणि त्यातलं एक गाणं आहे गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचं. छाती फुगली ना?

पण समजा, कुणी तुम्हाला म्हणालं, "केसरबाई अमेरिकेला जाऊन यानासाठी खास गायल्या." ऐकायला झकास! पण खरं आहे का? चला, जरा गुप्तहेर होऊ या.

गुप्तहेर आधी तारखा बघतो. केसरबाईंचा जन्म १८९२ चा. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि केसरबाई वारल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. म्हणजे तेव्हा त्या ८५ वर्षांच्या होत्या. इथेच शंका यायला हवी.

मग विचारायचं, "हे कोण सांगतंय? त्याला कसं कळलं?" ज्यांनी ही तबकडी तयार केली, त्या कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली 'मर्मर्स ऑफ अर्थ' हे पुस्तक काढलं. त्यात खरी हकिगत आहे. केसरबाईंची आधीच निघालेली तबकडी त्यांना हवी होती, पण ती बाजारात मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या! झालं, खास गाण्याची गोष्ट खोटी ठरली. आणि गंमत बघा, खरी गोष्ट जास्त मजेदार निघाली.

मग काम करणाऱ्यांनी स्वतः लिहिलेलं सगळं बरोबरच असतं का? छे! याच तबकडीत आफ्रिकेतल्या ढोलांचा एक तुकडा आहे. यादीत त्यापुढे देश लिहिला होता सेनेगल. ही यादी जगभर वर्षानुवर्षं छापली गेली. पुढे २०१७ साली ही गाणी लोकांसाठी पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा मुळापर्यंत शोध घेतला गेला. ते वादक निघाले बेनिन देशातले! शंभर ठिकाणी एकच गोष्ट छापली, म्हणून ती शंभर वेळा तपासली असं होत नाही. सगळ्यांनी एकाच यादीवरून उतरवलेलं असू शकतं.

तुम्ही म्हणाल, देशाचं नाव चुकलं तर बिघडलं काय? बिघडलं ना! ज्यांनी ढोल वाजवले त्यांचं श्रेय दुसऱ्यांना गेलं.

आता घरी या. इतिहासाच्या पुस्तकात 'मौखिक साधने' हा शब्द तुम्ही वाचलाय. लोकगीतं, ओव्या ही ती साधनं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही लिहून ठेवलं. त्यातल्या कितीतरी ओव्या आज 'पारी' या संकेतस्थळावर त्या बायांच्या नावासकट वाचायला, ऐकायला मिळतात.

आपल्या तालुक्यात, राजूरला, कोतूळला, समशेरपूरला, डोंगरातल्या वाड्यांवर अशा किती आज्या असतील! पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, पण ओव्या आजीच्या तोंडी अजून आहेत. तेव्हा या सुट्टीत एक वही करा. आजीला आधी विचारा, "आजी, लिहून घेऊ का गं?" ती हो म्हणाली की प्रत्येक गाण्याखाली पाच गोष्टी लिहा :

१. गाणाऱ्याचं पूर्ण नाव
२. गाव, तालुका, जिल्हा
३. लिहून घेतल्याची तारीख
४. गाणं कुणाकडून शिकली
५. ते केव्हा म्हणतात : दळताना, लावणीच्या वेळी की लग्नात

शब्द आजी म्हणेल तसेच लिहा, 'शुद्ध' करायला जाऊ नका. तीच ओवी शेजारच्या आजीकडूनही ऐका. वेगळी निघाली तर दोन्ही लिहा, एकीला चूक ठरवू नका. आणि तालुका-जिल्हा विसरू नका बरं! नुसतं 'अकोल्याची ओवी' लिहिलंत, तर वाचणारा ती थेट विदर्भातल्या अकोल्याला नेऊन ठेवेल!

आई-बाबांनो, मोबाइलवर आजीचा आवाज भरून घ्यायला मुलांना मदत करा. मात्र सुरुवातीलाच तिला तिचं नाव, गाव आणि तारीख सांगू द्या. पन्नास वर्षांनी कुणी ते गाणं ऐकेल, तेव्हा "ही कोण गातेय?" असं त्याला विचारावं लागू नये.