कृत्रिम पाय आणि काळी जमीन

रस्त्यावरील अपघात, रोटाव्हेटर, सर्पदंश आणि अलीकडे मधुमेह यांमुळे शेतकऱ्यास पाय गमवावा लागण्याचे प्रसंग येतात. जखम भरली, शिबिरातून कृत्रिम पाय मिळाला, म्हणजे प्रश्न सुटला, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. पाय काही महिन्यांतच घराच्या कोपऱ्यात पडून राहतो, शेत मक्त्याने दिले जाते आणि कालपर्यंत वखर हाकणारा मनुष्य ओट्यावर बसून दिवस काढतो. त्यास आळशी ठरविण्यापूर्वी पायाचे माप पाहावे. बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो.

कापल्यानंतर उरलेला पायाचा भाग, म्हणजे खुंट, ज्या पोकळ साच्यात बसतो त्यास सॉकेट म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सूज उतरते, स्नायू रोडावतात आणि खुंट लहान होतो. तेव्हा पहिल्या मापाचे सॉकेट ढिले पडते, आत घासते आणि कातडी सोलवटते. अशा वेळी खुंटावर सुती अगर लोकरी मोज्याचा एखादा जादा थर चढवावा. तेवढ्याने न भागल्यास नवे माप देणे हाच उपाय होय. फडकी कोंबून पाय घट्ट करणे अपायकारक आहे.

पाय कोणता, हेही महत्त्वाचे. पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी सुरू झाले व पुढे तेथे नागरिकांनाही अवयव मिळू लागले. तथापि त्या काळचा विलायती धर्तीचा पाय बुटाशिवाय चालत नसे आणि उकिडवे बसूही देत नसे. १९६८ मध्ये जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचे पाऊल तयार केले. आत लाकूड व स्पंजासारखे रबर, वरून कातडीच्या रंगाचे टिकाऊ रबर अशी त्याची रचना आहे. ते पाण्यात चालते, अनवाणी चालते आणि खाचखळग्यांत थोडे वळते. शालेय शिक्षण बेताचे असलेल्या कारागिराचा या कामातील वाटा मोठा होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे पाय विनामूल्य देण्याचे कार्य चालविले आहे.

मात्र कोणतेही पाऊल असो, त्यास स्पर्शाची जाणीव नसते. घाटाखाली पूर्णाकाठची खोल काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. चांगल्या पायास भेग तत्काळ कळते, रबरी पावलास कळत नाही. पाऊल आत जाऊन मनुष्य कोलमडतो. म्हणून अशा शेतात काठीने अंदाज घेत चालावे. तुरीची व पऱ्हाटीची तिरपी कापलेली धसकटे रबरात रुततात, तरी पत्ता लागत नाही. यास्तव रोज सायंकाळी पावलाचा तळ उलटून पाहावा. पावसाळ्यात या मातीचा चिखल पावलास चिकटून त्याचे वजन वाढवितो, आणि पाऊल उचलताना पट्ट्यांवर ताण येऊन पाय निसटू पाहतो. वाफसा आल्याशिवाय शेतात उतरू नये, हा नियम औतास जसा लागू आहे तसा या पायासही आहे. घाटावरच्या मुरमाड उतारांवर चिखलाचा त्रास कमी, पण घसरण्याचे भय अधिक.

कामाची निवड विचारपूर्वक करावी. डवरणीत दोन ओळींमधील अरुंद जागेतून पाऊल टाकावे लागते. ते काम उशिरा हाती घ्यावे. पाठीवरचा १६ लिटरचा पंप पूर्ण भरल्यास तेवढा भार सॉकेटमधून खुंटावर येतो, तेव्हा तो अर्धाच भरावा. ट्रॅक्टरचा क्लच डाव्या पायाने दाबला जातो. त्या बाजूस कृत्रिम पाय असल्यास किती दाब पडला ते कळत नाही, म्हणून योग्य तो बदल केल्याखेरीज ट्रॅक्टर चालवू नये. गुडघ्याखाली पाय गेलेला मनुष्य यांतील पुष्कळशी कामे सरावाने करू शकतो. गुडघ्यावर कापलेल्यास ती बरीच कठीण जातात.

रात्री पाय काढून ठेवावा. खुंट साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा आणि आरशात सर्व बाजूंनी पाहावा. लाली, फोड किंवा ओल दिसल्यास कातडी बरी होईपर्यंत पाय घालू नये, मग शेतात कितीही घाई असो. मधुमेह असलेल्याने दुसऱ्या पायाचा तळवाही रोज तपासावा, कारण एक पाय गेल्यावर सारा भार त्याच पायावर पडतो.

हाताची गोष्ट निराळी. मळणी यंत्रात हात गमावलेल्यास शोभेच्या हातापेक्षा पकडीचा आकडा शेतीकामात अधिक उपयोगी पडतो. लग्नकार्यास हवा तर शोभेचा हात घालावा.

शेतकऱ्याचा किंवा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याचा अपघात झाल्यास राज्य शासनाच्या २०२३ पासूनच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये व दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये साहाय्य मिळते. मधुमेहामुळे पाय कापावा लागल्यास तो अपघात धरला जात नाही. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यावयाचा असतो. त्या काळात जखमी मनुष्य बहुधा रुग्णालयात असतो, तेव्हा सात-बारा व अन्य कागदपत्रे जमविण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणी तरी लगेच अंगावर घ्यावे.