मरतूक चौथ्या दिवशी, कारण पहिल्या रात्री

ब्रॉयलरच्या पहिल्या आठवड्यात शंभरात एखादं पिल्लू जाणं पोल्ट्रीवाले धरूनच चालतात. पण कधी कधी दोन-तीन दिवस सगळं सुरळीत दिसतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मरतूक एकदम वाढते. मग हॅचरीला फोन जातो, मानमोडी रोगाची शंका येते, पाण्यातून अँटिबायोटिक सुरू होतं. त्यातल्या पुष्कळ पिल्लांना रोग झालेलाच नसतो. ती उपासमारीने मेलेली असतात, समोर दाण्याची भांडी भरलेली असताना.

हे चौथ्या दिवशीच का दिसतं, याचं उत्तर पिल्लाच्या पोटात आहे. कवच फोडण्याआधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस तग धरतं, म्हणूनच हॅचरीतून निघालेली पिल्लं दाणापाण्याविना लांबच्या गावी जिवंत पोहोचतात. शेडमध्ये आल्यावर ज्याने एकही दाणा टिपला नाही, तेही तोवर चालतं-फिरतं दिसतं. शिदोरी सरली की कोसळतं. इस्रायलच्या हिब्रू विद्यापीठातल्या याएल नॉय आणि डेव्हिड स्क्लान यांनी १९९०च्या दशकात दाखवलं की, लवकर खाऊ लागलेल्या पिल्लांच्या पोटातला बलकही लवकर वापरला जातो. म्हणजे पोटात बलक आहे म्हणून दाणा उशिरा दिला तरी चालेल, हा हिशेब चुकीचा आहे.

मेलेलं पिल्लू उघडून पाहिलं की खूण पटते. अन्नपिशवी रिकामी, पोटात दाण्याऐवजी जमिनीवर अंथरलेल्या तुसाचे कण आणि पित्ताशय फुगलेलं. उघडून न पाहता औषध सुरू करणं मला पिल्लांवरही अन्यायाचं वाटतं आणि पाळणाऱ्याच्या खिशावरही.

मग ते खात का नाही? बहुतेक वेळा गारठ्यामुळे. पहिले दहा-बारा दिवस पिल्लाला अंगाची ऊब स्वतः नीट राखता येत नाही. त्याच्या शरीराचं तापमान ४० अंशांच्या आसपास राहायला हवं आणि त्यासाठी पहिल्या दिवशी त्याच्या उंचीवरची हवा ३२ ते ३४ अंश लागते. निफाड परिसरात जानेवारीत दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे पारा एक आकडी होतो. दुपारी पाहिलेला थर्मामीटर पहाटे तीनची परिस्थिती सांगत नाही. शिवाय तो बऱ्याच शेडमध्ये माणसाच्या डोळ्यांसमोर टांगलेला असतो. पिल्लू मात्र जमिनीवर असतं. तुसाखालची फरशी गार असेल तर पायांतून ऊब निघून जाते, पिल्लं ऊब देणाऱ्या ब्रूडरखाली एकमेकांना बिलगतात आणि चार पावलांवरच्या दाण्याकडे फिरकत नाहीत. म्हणून थंडीत ब्रूडर पिल्लं येण्याच्या निदान एक दिवस आधी पेटवावा लागतो.

तपासणी सोपी आहे. पिल्लाचे पाय स्वतःच्या गालाला लावून पाहावेत. गार लागले तर कारण हाती आलं. उतरवल्यावर आठ-दहा तासांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांतली पिल्लं हातात घेऊन अन्नपिशवी चाचपावी. शंभरातल्या ऐंशींची भरलेली हवी, दुसऱ्या दिवशी तर जवळजवळ सगळ्यांची. नसेल, तर ऊब वाढवायला, उजेड वाढवायला, कागदावर दाणा पसरायला अजून वेळ असतो. चौथ्या दिवशी तो उरत नाही. तरुण मातृकळपाच्या अंड्यांतली पिल्लं लहान असतात, त्यांना थोडी जास्तच ऊब द्यावी.

सगळीच मरतूक भुकेची नसते, हेही खरं. बेंबी ओली, पोट फुगलेलं आणि आतल्या बलकाला घाण वास असेल, तर तो जंतुसंसर्ग; त्याचं मूळ अनेकदा अंड्यांच्या किंवा हॅचरीच्या अस्वच्छतेत असतं आणि तिथे हॅचरीला जाब विचारायलाच हवा. पिल्लं चोच वासून धापा टाकत असतील आणि फुप्फुसांत पिवळसर-पांढऱ्या गाठी दिसल्या, तर तूस हुंगून पाहावं. बुरशीच्या या रोगावर शेडमध्ये चालेल असं औषध नाही, ते तूसच बदलावं लागतं. बंद पडद्यांच्या शेडमध्ये कोळशाची शेगडी असेल आणि मेलेल्या पिल्लांचं रक्त लालभडक दिसलं, तर कार्बन मोनॉक्साईडची शंका घ्यावी आणि पडदे लगेच वरून थोडे उघडावेत. तिथे रात्रपाळीला झोपणाऱ्या माणसाच्याही जिवाला तोच धोका असतो.