‘हो’ म्हणजे नेमकं काय? पुनरुत्थानावरचा विश्वास आणि आपली प्रश्नावली

संशोधन पद्धतीच्या पेपरात प्रश्नावलीचं प्रकरण बहुतेकांना सोपं वाटतं. प्रश्न लिहायचे, हो-नाहीचे चौकोन करायचे, गुगल फॉर्म पाठवायचा आणि एक्सेलमध्ये टक्केवारी काढायची. आम्ही विज्ञानाकडून आलेली माणसं तर मोजायला आणखीच उतावीळ असतो. पण विषय श्रद्धेचा असला की पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते. का अडते, ते आज एका उदाहरणातून बघू. उदाहरण आहे ख्रिस्ती धर्मातल्या पुनरुत्थानाचं.

समजा, तुमचा विषय आहे ‘विक्रोळीतल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या श्रद्धा’. टागोर नगर, कन्नमवार नगर, पार्कसाइट असा परिसर तुम्ही निवडलात आणि प्रश्न लिहिलात: ‘तुमचा पुनरुत्थानावर विश्वास आहे का? हो / नाही.’ समजा, शंभरातल्या नव्वद जणांनी ‘हो’वर खूण केली. आता सांगा, तुम्हाला काय कळलं?

माझं म्हणणं असं की जवळजवळ काहीच नाही. लिटमस कागद लाल झाला की पदार्थ आम्लधर्मी आहे एवढं समजतं. ते लिंबू आहे, व्हिनेगर आहे की सल्फ्युरिक ॲसिड, हे कागद सांगत नाही. तुमचा ‘हो’ तसाच आहे.

आधी विषय थोडक्यात

येशूला शुक्रवारी क्रुसावर चढवलं, त्याचा मृत्यू झाला, त्याला कबरेत ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, तो मेलेल्यांतून उठला, असं शुभवर्तमानं सांगतात. तो शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे आणि तो रविवार म्हणजे ईस्टर. सुट्टीच्या यादीमुळे आपल्याला गुड फ्रायडे जास्त माहीत असतो, पण ख्रिस्ती श्रद्धेचा कणा ईस्टर आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आपला सगळा उपदेश फुकट आहे, अशा अर्थाचं पौलाने करिंथच्या मंडळीला स्पष्ट लिहिलं होतं.

तुमचा प्रबंध हे ‘खरंच घडलं का’ याचा निकाल देणार नाही. तो प्रश्न वेगळा, त्याची साधनं वेगळी. तुमचा प्रश्न आहे: ‘कोण काय मानतं आणि ते कसं मानतं?’ निनियन स्मार्ट या धर्म-अभ्यासकाने अशा भूमिकेला पद्धतीपुरता अज्ञेयवाद म्हटलं आहे. घरी तुम्ही आस्तिक असा नाहीतर नास्तिक, वही उघडली की निकाल बाजूला ठेवायचा.

एका शब्दात चार प्रश्न

‘पुनरुत्थान’ या एका शब्दात किमान चार वेगळे प्रश्न दडलेले आहेत.

१. भूतकाळ: येशू मेलेल्यांतून उठला का?
२. भविष्यकाळ: शेवटच्या दिवशी सगळे मृत उठणार आहेत का? चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धाघोषणेत या दोन्ही गोष्टी आहेत, पण वेगवेगळ्या ओळींत.
३. स्वरूप: उठणं म्हणजे शरीरासकट, बदललेल्या शरीरासह, की फक्त आत्म्याने?
४. अर्थ: या श्रद्धेने माझ्या आजच्या जगण्यात आणि मरणाच्या भीतीत काय फरक पडतो?

एकच माणूस पहिल्याला ‘हो’, दुसऱ्याला ‘माहीत नाही’, तिसऱ्याला ‘आत्म्याने’ आणि चौथ्याला ‘फार मोठा’ असं उत्तर देऊ शकतो. तुमच्या फॉर्ममध्ये त्याच्यासाठी जागाच नाही. तो बिचारा ‘हो’वर खूण करून मोकळा होतो.

हे मतभेद आजचे नाहीत

‘शिकलेली पिढी आली आणि श्रद्धा ढासळली’ असं वाक्य प्रस्तावनेत टाकायचा मोह होईल. टाळा. येशूच्या काळातल्या ज्यू समाजातच परूशी पंथ मृतांचं पुनरुत्थान मानत होता आणि सदूकी मानत नव्हते. पौलाचं करिंथकरांस लिहिलेलं पहिलं पत्र साधारण इसवी सन ५० ते ५५ या काळातलं. त्याचा पंधरावा अध्याय वाचा. मंडळीतले काही जण ‘मेलेल्यांचं पुनरुत्थान नाही’ असं म्हणत होते आणि पौल त्यांना विचारतो की मग ख्रिस्त तरी कसा उठला? ही माणसं मंडळीच्या आतलीच होती. आपल्या यादीतला पहिला आणि दुसरा प्रश्न तिथेच सुटे झालेले दिसतात आणि ते पुन्हा एकत्र बांधायची पौलाची धडपड चालू आहे.

विसाव्या शतकात रुडॉल्फ बुल्टमान या जर्मन अभ्यासकाने १९४१च्या गाजलेल्या व्याख्यानात नव्या करारातली पुराणकथेची भाषा उलगडून तिचा आजचा अर्थ शोधायला हवा, असं मांडलं. त्याच्या लेखी पुनरुत्थान इतिहासात तपासून सिद्ध करायची घटना नव्हती. ते उपदेशातून माणसाला आजही भिडतं, असं तो म्हणे. म्हणजे चौथ्या प्रश्नाला ठाम ‘हो’, पण पहिल्याला नेहमीच्या अर्थाने ‘हो’ नाही. एन. टी. राईट यांनी २००३ साली आठशेपेक्षा जास्त पानांचा ग्रंथ लिहून नेमकी उलट बाजू मांडली: रिकामी कबर आणि नंतरची दर्शनं ही इतिहास म्हणूनच घ्यायला हवीत. दोघेही ख्रिस्ती.

आणि पिंखास लापिडे? हे सनातनी ज्यू अभ्यासक. येशूचं पुनरुत्थान ही खरी घडलेली घटना आहे असं त्यांनी १९७०च्या दशकात मांडलं आणि तरीही ते ज्यूच राहिले. म्हणजे ‘विश्वास आहे’ आणि ‘ख्रिस्ती आहे’ हे दोन रकानेसुद्धा एकमेकांवर बसवता येत नाहीत.

पर्याय बदलले की आकडा बदलतो

२०१७ साली बीबीसीसाठी कॉमरेस या संस्थेने ब्रिटनमधल्या २,०१० प्रौढांना फोनवरून विचारलं. मथळा झाला: स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांपैकी एक चतुर्थांश लोकांचा पुनरुत्थानावर विश्वास नाही. पण त्या सर्वेक्षणात दोनऐवजी तीन दारं होती. बायबलमध्ये आहे तसं शब्दशः घडलं, घडलं पण सगळा तपशील शब्दशः घ्यायचा नाही, आणि विश्वास नाही. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांनी पहिलं दार निवडलं. महिन्यातून एकदा तरी उपासनेला जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांत हेच प्रमाण ५७ टक्के निघालं.

आता हिशोब करा. एक चतुर्थांश ‘नाही’ म्हणतात, एकतीस टक्के ‘शब्दशः’ म्हणतात, आणि सर्वांत मोठा गट मधल्या दारात उभा आहे. फक्त हो-नाही विचारलं असतं तर हा गट ‘हो’मध्ये विरघळला असता. शिवाय ‘ख्रिस्ती’ कोणाला म्हणायचं, स्वतःला म्हणवणाऱ्याला की नियमित चर्चला जाणाऱ्याला, एवढ्यावर ३१चे ५७ होतात. जनगणनेचा फॉर्म तर फक्त धर्माचं नाव विचारतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १०.८ लाख ख्रिस्ती नोंदले गेले. त्यांच्यापैकी कोण काय मानतं, हे त्या आकड्यातून शोधायला जाऊ नका.

‘पुनर्’ची अडचण

इथे आपली खास मराठी अडचण येते. कन्नमवार नगरात ‘पुनर्’ म्हटलं की लोकांना आधी पुनर्विकास आठवेल. त्यानंतर आठवेल पुनर्जन्म. आणि खरा घोळ तिथेच आहे. पुनर्जन्मात जीव नव्या देहात येतो आणि फेरा चालू राहतो. पुनरुत्थानात तीच व्यक्ती, एकदाच, कायमची उठते. दोन्ही कल्पना मरणानंतरच्याच, पण दिशा वेगळ्या.

हा घोळ फक्त बिगर-ख्रिस्ती वाचकाचा नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२०मध्ये भारतभर जवळपास ३०,००० प्रौढांचं सर्वेक्षण केलं. त्यात २९ टक्के ख्रिस्ती उत्तरदात्यांनी पुनर्जन्म मानतो असं सांगितलं, तर ५४ टक्क्यांनी कर्म मानतो असं. चर्चची शिकवण पुनर्जन्माची नाही. मग ही माणसं पुनरुत्थानाच्या जागी पुनर्जन्म मानतात, दोन्ही मानतात, की दोन शब्दांत फारसा फरक करत नाहीत? हे त्या टक्केवारीतून कळत नाही. तुमच्या प्रबंधाला इथे जागा आहे.

विक्रोळीत सगळे ख्रिस्ती मराठीतून प्रार्थना करत नाहीत. कोकणीत याला ‘पुनर्जिवंतपण’ म्हणतात. त्यात जिवंत होणं पुढे येतं. मराठी ‘उत्थाना’त उठणं पुढे येतं. तमिळ आणि मल्याळम शब्दांत ‘उयिर्’ म्हणजे प्राण आहे. तुम्ही मराठी प्रश्न छापला आणि उत्तर देणाऱ्याने तो मनात दुसऱ्या भाषेत नेला, तर वाटेत चित्र बदलतं.

शब्दांशी ही झटापट चारशे वर्षं जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली गोव्यात ख्रिस्तपुराण छापलं. ओवीबद्ध मराठीत येशूची कथा सांगताना स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ वापरला. लोकांना कळावं म्हणून ओळखीचा शब्द घेतला, तर त्याचा जुना अर्थही सोबत येतो. पंडिता रमाबाईंना पुढे नेमकं हेच खटकलं. प्रचलित मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड आहे, त्या शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला सोप्या मराठीत स्वतः भाषांतर केलं. १९२२ साली त्या गेल्या. त्यांचं बायबल १९२४ साली पूर्ण छापून आलं.

उत्तरावर तारीख टाका

रमाबाईंकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण चर्चची प्रत्येक शिकवण त्यांनी मुकाट्याने स्वीकारली नाही. त्रैक्य, कुमारीपोटी जन्म अशा सिद्धांतांवरून सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून खडाजंगी वाद चालला. मी स्वतः वाचेन, मला पटेल ते मानेन, अशी त्यांची भूमिका होती. हा पत्रव्यवहार १९७७ साली मुंबईत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. मग १९०७ सालच्या आत्मकथनात त्याच लिहितात की धर्म आपल्याला आधी मिळाला, पण ख्रिस्त भेटला तो बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी.

आता कल्पना करा की तुमची प्रश्नावली रमाबाईंना १८८४, १८९२ आणि १९०७ साली दिली. धर्माच्या रकान्यात तिन्ही वेळा ‘ख्रिस्ती’. आत मात्र तीन वेगळ्या रमाबाई. श्रद्धा ही रक्तगटासारखी एकदा तपासून लिहून ठेवायची गोष्ट नाही. म्हणून प्रश्नावलीत ‘पूर्वी तुम्ही याबद्दल काय मानत होता? कधी बदललं का?’ हा प्रश्न हवाच.

मग करायचं काय?

आरआरसीसमोर सिनॉप्सिस ठेवण्याआधी एवढं करून बघा.

पहिलं, मोठा शब्द फोडा. चार प्रश्न चार ओळींत विचारा. ‘येशू उठला आणि आपणही उठू असं मानता का?’ हा दुहेरी प्रश्न झाला, तो नको.

दुसरं, मधली दारं ठेवा: ‘घडलं, पण कसं ते सांगता येत नाही’, ‘नक्की नाही’, ‘सांगायचं नाही’. शेवटचे दोन एक नाहीत. शंका आणि नकार वेगळे मोजा.

तिसरं, पायलटमध्ये पाच-सहा जणांना प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, ‘तुमच्या शब्दांत याचा अर्थ काय?’ इथे पुनर्जन्म लगेच उघडा पडेल. प्रश्न दुसऱ्या भाषेत नेला असेल तर तिसऱ्या माणसाकडून तो परत मराठीत आणा आणि ताडून बघा.

चौथं, आचरणावरून श्रद्धा ओळखायची घाई नको. ‘दफन करतात म्हणजे शरीराचं पुनरुत्थान मानतात, दहन करतात म्हणजे मानत नाहीत’ असं सूत्र सुचेल. कॅथलिक चर्चने १९६३ सालीच दहनाला परवानगी दिली. अट अशी की ते पुनरुत्थान नाकारण्यासाठी केलेलं नसावं. मुंबईत दफनभूमीची जागा किती अपुरी आहे हे लक्षात घेतलं, तर दहनामागे तत्त्वज्ञानापेक्षा जागेचा प्रश्नही असू शकतो.

पाचवं, कोण विचारतंय याने उत्तर बदलतं. धर्मगुरू शेजारी बसलेले असताना ‘नाही’ म्हणणं अवघड. सासूबाई समोर असताना तर आणखी. मुलाखत एकट्याने घ्या.

आणि एक गोष्ट, जी गुणांच्या पलीकडची आहे

तुम्ही ज्या घरात जाल तिथे भिंतीवर कदाचित नुकताच हार घातलेला फोटो असेल. तुमच्यासाठी ‘पुनरुत्थान’ हा व्हेरिएबल आहे. त्या घरातल्या बाईसाठी तो प्रश्न असा आहे: माझा नवरा मला पुन्हा भेटणार का? ती ‘हो’ म्हणेल तेव्हा कदाचित माहिती देत नसेल, स्वतःला सावरत असेल. ‘नाही’ म्हणेल तर ते तिने आजवर घरात कुणालाही सांगितलं नसेल.

म्हणून संमतीपत्रात ‘कोणताही प्रश्न सोडता येईल’ हे छापा आणि तोंडानेही सांगा. पवित्र आठवड्यात आणि घरात मृत्यू झालेल्या महिन्यात जाऊ नका. उत्तर ऐकून मान डोलावू नका, भुवयाही उंचावू नका. नोंदीत नाव, इमारतीचा क्रमांक, चर्चचं नाव एकत्र येऊ देऊ नका. वस्तीत तेवढ्यावरून माणूस ओळखता येतो.

सरावासाठी एक काम देतो. तुमच्या स्वतःच्या घरातली एक श्रद्धा घ्या: श्राद्धाचा कावळा, दर्ग्यावरची मन्नत, एकादशीचा उपास, काहीही. त्यावर आधी एक हो-नाही प्रश्न लिहा. मग त्याच्या पोटातले चार प्रश्न शोधा आणि ते घरातल्या दोन माणसांना वेगवेगळे विचारा. दोघांचाही ‘हो’ असला तरी उत्तरं जुळतात का ते बघा, आणि मग सिनॉप्सिस लिहायला बसा.